दावीद तिला काय बोलला

पुस्तकवाले काका बायबलवरच्या भाष्यमाला विकत, पण विकण्याआधी गिऱ्हाइकाची चांगली उलटतपासणी घेत. "कशासाठी हवीय?" हा त्यांचा पहिला प्रश्न. प्रवचनं करायची असतील तर एक माला, परीक्षा द्यायची असेल तर दुसरी, आणि नुसतीच बाहेरच्या खोलीत पाहुण्यांना दिसेल अशी मांडायची असेल तर तिसरी, सोनेरी कडांची, जिच्यावरची धूळ तेवढी अधूनमधून झटकावी लागते. चौथ्या प्रकारचं गिऱ्हाईक त्यांच्याकडे फारसं फिरकत नसे. त्यामुळे लिफ्टवाला "वैयक्तिक अभ्यासासाठी" म्हणाला तेव्हा काकांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढून त्याच्याकडे नीट पाहिलं.

लिफ्टवाला खोटं बोलला नव्हता, पण सगळं खरंही बोलला नव्हता. अख्ख्या पवित्र शास्त्रातल्या एकाच वचनाचा, त्यातही त्याच्या अर्ध्याच भागाचा त्याला अभ्यास करायचा होता. ते वचन शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात, बाराव्या अध्यायात होतं. त्याचा उलगडा झाला तर त्याची बायको पुन्हा त्याच्याबरोबर जेवायला बसणार होती, आणि नाही झाला तर आपल्या बहिणीकडे निघून जाणार होती. आता हे असं दुकानात उभं राहून कोणी सांगतं का?

त्याचं झालं होतं असं. त्यांची मंडळी, म्हणजे त्यांचं चर्च, लहान होती, एका जुन्या गोदामाच्या वरच्या मजल्यावर भरणारी. माणसं साधी, जीव लावणारी, पण तिथल्या सगळ्यांना एक खोड होती. कोणी काही विचारलं की उत्तर वचनानंच द्यायचं. गुडघा दुखतो म्हटलं तर ईयोबाचं दुःख, नोकरी गेली म्हटलं तर रानातली फुलं, आणि बस चुकली म्हटलं तरी धीर धरण्यावरचं एखादं वचन तयार. यात ढोंग नव्हतं. लहानपणापासून ते जिभेवर बसलेलं होतं, इतकं की स्वतःचं म्हणून काही बोलायची वेळच कोणावर येत नसे. लिफ्टवाला तर मुळातच अबोल. दिवसभर अंधाऱ्या शाफ्टमध्ये तारा आणि पुल्या तपासत फिरणारा माणूस. वचनांचा आधार नसता तर तो मंडळीत मुकाच म्हणून ओळखला गेला असता.

मग त्याची मुलगी गेली. अकरा वर्षांची होती. काटकुळी आणि उंच, म्हणून घरात तिला पेन्सिल म्हणत. रक्ताचा आजार निघाला आणि बघता बघता हाताबाहेर गेला. ती दवाखान्यात होती तेव्हा लिफ्टवाल्यानं उपास धरला, व्हरांड्यात फरशीवर झोपला, कोणी उठवायला आलं तरी उठला नाही. बायको पोरीच्या उशाशी बसून होती. तिनं उपासबिपास काही धरला नव्हता, तिला नुसती भूक लागत नव्हती.

पोरीला पुरून सगळे मंडळीच्या खोलीत परत आले. लांब टेबलांवर कोणी पाव, कोणी उकडलेले बटाटे, कोणी सूप आणून ठेवलं होतं आणि त्याला कोणी हात लावत नव्हतं. लिफ्टवाल्याच्या शर्टाला माती लागली होती. तो उठला, नळावर हातपाय धुतले, मेहुण्यानं आणलेला धुतलेला शर्ट अंगात घातला आणि टेबलाशी बसून जेवायला लागला. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं. ताट समोर होतं, हात रिकामे होते आणि सगळे बघत होते. मंडळीतले एक वडीलजन जवळ आले आणि त्यांनी हळूच विचारलं की बाबा, घास उतरतो तरी कसा तुझ्या घशाखाली? विचारण्यात दुस्वास नव्हता, काळजीच होती. आणि कोणी विचारलं की वचन द्यायचं, ही तर सवयच. लिफ्टवाल्यानं दावीद राजाची गोष्ट सांगितली. राजाचं तान्हं मूल आजारी होतं तोवर राजा उपाशी जमिनीवर पडून होता. मूल गेल्याचं कळलं तसा उठला, अंघोळ केली, कपडे बदलले आणि जेवला. चाकरांनी विचारलं तेव्हा म्हणाला, आता उपास कशाला करू? मी त्याच्याकडे जाईन, ते काही माझ्याकडे परत यायचं नाही.

दोघीतिघी तोंडाला रुमाल लावून रडायला लागल्या. पुढच्या रविवारी पाळकांनी यावरच प्रवचन केलं, आणि त्या दिवसापासून लिफ्टवाल्याचं मंडळीतलं नाव दावीदभाऊ पडलं. लोक दोन्ही हातांनी त्याचा हात धरू लागले. कोणाच्या घरी माणूस गेलं की आधी दावीदभाऊंना निरोप. आणि खरं सांगायचं तर त्याला ते बरं वाटे. पोर गेलेला बाप म्हणून वावरण्यापेक्षा दावीद म्हणून वावरणं सोपं होतं.

एक गोष्ट मात्र कोणालाच ठाऊक नव्हती. त्या दिवशी जेवण झाल्यावर तो मागच्या जिन्यानं खाली उतरला होता. पाण्याच्या टाकीमागे भिंतीला हात टेकून त्यानं खाल्लेलं सगळं ओकून टाकलं होतं. मग वाकलेल्या अवस्थेतच त्यानं पोरीला हाक मारली होती, "पेन्सिल, ए पेन्सिल," जशी ती वरच्या मजल्यावर अभ्यासाला बसलीय आणि जेवायला खाली बोलवायचीय. नंतर तोंड धुऊन तो वर आला आणि लोकांमध्ये बसला.

बायको घरी पडदे शिवायची. हॉटेलांचे, दवाखान्यांचे, लांबच लांब. जेवणाचं टेबल तेच तिचं कापायचं टेबल. जेवायच्या वेळी ती खडू, कात्री, कापड सगळं आवरून टेबल मोकळं करी आणि तिघं बसत. पोर गेल्यापासून ती टेबलाची एकच बाजू मोकळी करू लागली. त्याच्यापुढे ताट ठेवायचं, हवं-नको बघायचं, मग आपलं ताट घेऊन शिलाई मशीनपाशी जायचं आणि त्याच्याकडे पाठ करून जेवायचं. भांडण नाही, तंटा नाही, शब्दानं शब्द वाढवणं नाही. त्यानं आडून आडून विचारलं तर म्हणे, भूक नाही आत्ता. बाहेर अख्ख्या मंडळीचं सांत्वन करणारा माणूस घरी रोज त्या पाठीकडे बघत जेवत होता.

शेवटी एका संध्याकाळी त्यानं विचारलंच, की माझं चुकलं काय? तिनं मशीन थांबवलं. कपाटावरचं बायबल खाली काढलं, शोधाशोध न करता नेमकं ते पान उघडलं आणि दावीद जेवला त्याच्या थोडं पुढे बोट ठेवलं.

"तुम्ही सगळ्यांना इथपर्यंतच सांगता," ती म्हणाली. "पुढे वाचा. त्या मुलाला आई पण होती. त्यानं तिचं सांत्वन केलं असं लिहिलंय. काय बोलला तो तिला?"

त्यानं वाचलं. पुन्हा वाचलं. खरंच, सांत्वन केलं एवढंच लिहिलं होतं, आणि लगेच पुढे दुसरं मूल झाल्याचं.

"तो काय बोलला तेवढं मला सांगा," ती म्हणाली. "मग मी बसते टेबलाशी. नाहीतर ताई केव्हाची बोलावतेय, जाते मी तिच्याकडे."

आता इथे कोणाच्याही लक्षात आलं असतं की बाई काही शमुवेलाचं विचारत नाहीये. पण लिफ्टवाला नाकासमोर चालणारा. लिफ्ट अडली तर ती का अडली ते कंपनीच्या माहितीपुस्तकात असतं, त्यात नसेल तर त्याहून जाडजूड पुस्तकात असतं, हा त्याचा आयुष्यभराचा अनुभव. तो म्हणाला, "शोधतो." बायकोनं मशीन सुरू केलं.

तो आधी पाळकांकडे गेला. पाळक म्हणाले, फार सुंदर प्रश्न आहे. शास्त्र जिथे मौन बाळगतं तिथे आपणही बाळगावं, यावर ते भरपूर बोलले आणि उठता उठता म्हणाले, एखादी चांगली भाष्यमाला घ्या घरात. घोडं एवढ्यावरच अडलंय म्हटल्यावर लिफ्टवाला दुसऱ्याच दिवशी काम आटोपून दुकानात हजर झाला.

दुकान त्याच्या ओळखीचं होतं. वर दुकान, खाली तळघरात साठा, आणि दोन्हींच्या मधे पुस्तकं चढवायची एक लहानशी लिफ्ट, चारपाच दप्तरं मावतील एवढी. तिची देखभाल वर्षानुवर्षं तोच करत होता. काकांचे गुडघे कामातून गेलेले. एकदा जिना उतरले की ते खालूनच एकेक पुस्तक लिफ्टमध्ये घालून वर धाडत आणि ओरडत, "मिळालं का?" वरच्यानं "मिळालं" म्हणायचं, की पुढचं.

काकांनी आधी उपदेश केला. त्यांच्या मते एका छापाची अख्खी माला कधी घेऊच नये. कुठल्याही मालेत चार खंड सोन्यासारखे, बाकीचे भरताड. शहाण्यानं सुटे खंड निवडून घ्यावेत. हे सांगून झाल्यावर ते म्हणाले की आपण मात्र सुटे खंड विकत नाही. मग कठड्याला धरून खाली उतरता उतरता त्यांना काहीतरी आठवलं.

"तुमची ती उंच पोरगी कशी आहे हो? सुट्टीत यायची तुमच्याबरोबर. आली नाही बऱ्याच दिवसांत."

"ती आता सुखात आहे," लिफ्टवाला म्हणाला. मंडळीत असंच म्हणायची पद्धत होती.

"छान, छान," काका म्हणाले आणि खाली गेले.

लिफ्टवाला कठड्याशी उभा राहिला. ही लिफ्ट दुरुस्त करायला तो यायचा तेव्हा पेन्सिल तळघरात थांबायची आणि चाचणीसाठी म्हणून वाटेल ते वर पाठवायची. आधी एक चप्पल. मग केसांची पिन. मग अर्धं खाल्लेलं बिस्किट. प्रत्येक वेळी खालून आवाज यायचा, "बाबा, मिळालं का?" एकदा तिनं रिकामीच लिफ्ट पाठवली होती. त्यानं विचारलं, अगं काय पाठवलंस, तर म्हणाली, ओळखा.

"मिळालं का?" खालून काका ओरडले.

लिफ्ट येऊन थांबलेली होती, आत लाल कापडी बांधणीचा एक जाड खंड होता.

"अहो, मिळालं का?"

"मिळालं," तो म्हणाला.

पुस्तक कसं पारखायचं हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं, पण लिफ्ट कशी पारखायची ते येत होतं. रिकामी लिफ्ट कोणतीही चालते. ती भरगच्च भरायची आणि दोन मजल्यांच्या मधे अडवून बघायची. तिथे धरून राहिली तर खरी. म्हणून त्यानं प्रस्तावना, नकाशे, वंशावळ्या काही चाळलं नाही. सरळ बारावा अध्याय उघडला.

लाल माला एकाच माणसानं लिहिलेली होती आणि त्याला सगळ्याच गोष्टींची खात्री होती. मूल का गेलं यावर त्यानं पानंच्या पानं भरली होती. बापाच्या पापामुळे गेलं. पाप बापाचं, शिक्षा लेकराला, आणि यात देवाचा न्याय कसा दिसून येतो त्याचे मुद्दे. लिफ्टवाल्यानं ओळीवर बोट ठेवून ते पुन्हा वाचलं. दावीद हे नाव मिरवताना गोष्टीचा हा भाग त्याच्या कधी डोक्यातच आला नव्हता. मंडळीत कोणाच्याच आला नव्हता. बायकोच्या आला असेल का? आला असणार. ती पान उघडताना अडखळली नव्हती. त्यानं भराभर ते वचन गाठलं. तिथे लाल मालेत एक ओळसुद्धा नव्हती. लेखक थेट पुढच्या बाळाच्या जन्माकडे वळला होता.

दुसरा खंड काळा, विद्वानांचा. एका मूळ शब्दावर दोन पानं, जुन्या हस्तलिखितांत तो कसकसा बदलत गेला त्यावर आणखी एक. आईचा उल्लेख एका तळटीपेत होता आणि ती तळटीप तिच्या आजोबांबद्दल होती. तिसरी माला निळी, रोजच्या जीवनात उपयोगी पडेल अशी. तिच्यात चौकट टाकून दुःखी पत्नीशी वागण्याची सूत्रं दिली होती. तिचं ऐकून घ्या, तिला घाई करू नका, दोघांनी मिळून प्रार्थना करा, शक्य असल्यास हवापालट करा. चौकटी त्याला आवडत. तपासणीच्या वेळी अशीच चौकट भिंतीवर टांगून तो एकेक पुढे खूण करी. पण तिचा प्रश्न काय करावं हा नव्हता, तो काय बोलला हा होता. चौथ्या मालेत हा खंडच नव्हता. खंड लिहिणारे गृहस्थ अर्ध्यावर वारले, काका खालून म्हणाले, आणि त्यांच्या जागी नेमलेले दुसरे गृहस्थही आता थकलेत. त्यांचा आवाज शाफ्टमधून घुमत येत होता. लिफ्टवाल्याला वरच्या पुलीची करकर ऐकू आली, बेअरिंग झिजलं होतं. एरवी त्यानं लगेच हत्यारांची पिशवी उघडली असती. आज त्यानं नुसतं ऐकलं.

तोवर बाहेरच्या काचेवर संध्याकाळ उतरली होती. बायकोनं ताईला निरोप दिला असेल का, हे त्याच्या मनात आलं. तिच्याशिवायचं ते घर त्याला डोळ्यांपुढे दिसलं: मशीनवर झाकण घातलेलं, टेबल चारी बाजूंनी मोकळं. त्याला भीती वाटली, साधी, लहान मुलाला वाटते तशी भीती.

शेवटचा खंड हिरवा होता. कोणा दिवंगत पाळकाच्या घरून आलेली माला, पाठी उसवलेल्या, पानांना कपाटाचा वास. लिफ्टवाल्यानं पान उघडलं आणि त्याचे हात थांबले. इथे त्या एका वचनावर जवळजवळ पानभर लिहिलं होतं. नुसतं लिहिलंच नव्हतं, दावीद काय बोलला असेल तेही अवतरणात दिलं होतं. त्यानं ते एकदा वाचलं आणि त्याच्या छातीवरचा दगड उतरला. भाषा तर अशी की प्रवचनात वाचली असती तर खोली रडली असती.

"हा एकच खंड द्या," तो म्हणाला.

धापा टाकत वर आलेल्या काकांनी मान हलवली. "संच मोडत नाही मी. एक गेलं की बाकीची अनाथ होतात."

तेव्हा त्यानं अख्खी माला घेतली. दोन खोकी झाली. ती खांद्यावर घेऊन घराचा जिना चढताना पेन्सिलनं पाठवलेल्या त्या रिकाम्या लिफ्टची आठवण पुन्हा आली. हे बायकोला कधी सांगितलंच नाही, असं त्याच्या मनात आलं. मग वाटलं, आज काय ते, आज तर उत्तर मिळालंय. तो ते अवतरणच मनात घोळवत वर गेला.

बायको टेबलावर पांढऱ्या पडद्याला चुण्या घालत होती. खोकी बघून तिनं नेहमीप्रमाणे एक बाजू आवरली, त्याचं ताट वाढलं. मग तो म्हणाला, "मिळालं."

तिचे हात जागच्या जागी थांबले. "काय?"

"तो काय बोलला ते."

मग तिनं पडद्याची दुसरी बाजूही गुंडाळली. फळीवरून दुसरं ताट काढलं, पदराच्या टोकानं पुसलं आणि ते छातीशी धरून खुर्चीच्या कडेवर बसली, पूर्ण टेकून नाही, पण बसली. किती महिन्यांनी ती त्याच्या समोर होती. तिच्या कानामागचे केस पांढरे झालेले त्याला आज दिसले. त्यानं घसा खाकरला, हिरवा खंड उघडला आणि मंडळीत वाचतात तसं ठासून वाचायला लागला.

"राजा आपल्या शोकाकुल पत्नीच्या दालनात गेला, तेव्हा मुकुट दाराबाहेर ठेवून गेला असावा. तो तिला म्हणाला असेल, प्रिये, आपले फूल माळ्यानेच खुडून नेले आहे. जो देतो तोच नेतो, आणि जो नेतो तो पुन्हा देण्यास समर्थ आहे. अश्रू पूस. तुझी कूस रिकामी राहावयाची नाही."

शेवटचं वाक्य तोंडातून बाहेर पडल्यावर त्याला ते ऐकू आलं. पेन्सिलच्या जन्माच्या वेळीच डॉक्टरांनी सांगितलं होतं की हिला आता पुन्हा मूल होणार नाही. दुकानात हे वाक्य वाचूनही त्याच्या लक्षात आलं नव्हतं. भाषाच इतकी सुंदर होती.

बायकोनं विचारलं, हे कोणी लिहिलंय? तो म्हणाला, एका पाळकांनी, जुने आहेत. त्यांचं मूल गेलं होतं का, तिनं विचारलं. ते काही पुस्तकात दिलेलं नाही, तो म्हणाला.

तिनं ताटाच्या कडेवरून बोट फिरवलं.

"पुस्तक मिटा," ती मग म्हणाली, आणि तिचा आवाज मऊ होता, पूर्वी असायचा तसा. "तुम्हाला काय वाटतं? काय बोलला असेल?"

त्यानं पुस्तक मिटलं, पण बोट पानात अडकवून ठेवलं.

ती टाकीमागची भिंत त्याच्या डोळ्यांपुढे आली. तिचा हाताला लागलेला ओला खरबरीतपणा, मेहुण्याच्या शर्टाची कोरी बाही, आणि आपल्याच तोंडून निघालेली ती हाक. मी जेवलो नाही गं, एवढंच म्हणायचं होतं. तेवढंच पुरलं असतं. ते खरोखर गळ्याशी आलं. पण हे लाल पुस्तकात नव्हतं, काळ्यात नव्हतं, हिरव्यातही नव्हतं. राजा कुठल्या भिंतीआड जाऊन ओकला असं कोणत्याही भाष्यकारानं लिहिलं नव्हतं. तिनं विचारलं होतं दावीदाचं, आणि हे तर आपलं, कोणाला न सांगण्यासारखं. असलं काही उत्तर असू शकतं हे लिफ्टवाल्याच्या गावीही नव्हतं.

"काकांकडे अजून एक माला यायचीय," तो म्हणाला. "बाहेरून मागवलीय त्यांनी. तिच्यात असेल. आली की बघून येतो."

बायको त्याच्याकडे बघत होती. रागानं नाही. रागानं बघितलं असतं तर अजून काहीतरी शिल्लक आहे असं म्हणता आलं असतं. मग ती उठली आणि तिनं कोरडं ताट फळीवर जिथल्या तिथे ठेवलं.

"ताईला कळवते मी उद्या," ती म्हणाली. "जेवा तुम्ही. गार होतंय."

ती मशीनपाशी जाऊन बसली आणि पांढरं कापड सुईखाली सरकवलं. मशीनचा आवाज सुरू झाला. लिफ्टवाल्यानं हिरवा खंड इतर खंडांबरोबर टेबलाच्या त्या बाजूला रचून ठेवला, जिथे तिचं ताट आलं असतं. खोक्यांची धूळ हातांना लागली होती. तो उठला, नळावर हात धुतले, शर्ट बदलला आणि येऊन जेवला.